मुरमांवर नक्की काय लावायचं? (आणि काय अजिबात नाही)

गोळीबंद

औषधांच्या काउंटरवर बसणाऱ्या कुणालाही विचारा, मुरमांचं गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं. गर्दी ओसरेपर्यंत ते बाजूला उभं राहतं आणि मग हळूच मोबाइलमधला फोटो पुढे करतं. फोटो चेहऱ्याचा नसतो, क्रीमचा असतो. मैत्रिणीने सांगितलेलं, भावाचं उरलेलं, नाहीतर कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं. अशा कित्येक ट्यूबांच्या मागे बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं. तिन्ही स्टिरॉइडं. मुरमांवर आपल्या मनाने चोळायची वस्तू नव्हेच.

तेव्हा सगळं एकदा एका जागी लिहून टाकावं म्हणून हा धागा. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. औषध काय करतं, कसं लावायचं आणि लोक नेमके कुठे अडखळतात एवढं मला पक्कं ठाऊक आहे. निदान करणं माझं काम नाही. इथे ‘कातडीबचाऊ’ हे त्वचेचे डॉक्टर सदस्य आहेत, ते येतीलच माझे कान धरायला.

आधी मुरूम होतो कसा ते. प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात आणि ही ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते. त्याच सुमारास छिद्राच्या आतल्या अस्तराच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत तेल साठतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू पोसतो आणि शरीर त्याला दाहाने उत्तर देतं. लाल पुळी, पू, गाठ हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे आज आरशात दिसलेल्या मुरमाचं बूच काही आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं, तेव्हा काहीच दिसत नव्हतं.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, औषध फक्त पुळीवर टिकलीसारखं लावून भागत नाही, जिथे जिथे मुरमं येतात तो सगळा भाग धरून लावायचं. दोन, चार दिवसांत फरक दिसणार नाही. आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. लोकांचं गाडं नेमकं इथेच अडतं. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब बदलतात, पुढच्या महिन्यात परत बदलतात आणि एकाही औषधाला त्याचं काम करायला सवड मिळत नाही.

आणि हो, ब्लॅकहेडमधला काळा ठिपका म्हणजे मळ नाही. बूच हवेला उघडं पडतं, त्यातलं मेलॅनिन आणि हवेशी संयोग पावलेलं तेल काळं दिसतं. घासून ते निघत नाही, फक्त आजूबाजूची कातडी सोलवटते.

सौम्य ते मध्यम मुरमांसाठी दोन खरी कामाची औषधं. पहिलं ॲडापलीन ०.१ टक्के जेल. हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आहे, ते बूच बसण्यावरच घाव घालतं. दुसरं बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं, आणि त्याच्या बाबतीत जिवाणू प्रतिजैविकांना सरावतात तसे सरावत नाहीत. अडीच टक्क्यांचं घ्या. दहा टक्के म्हणजे चौपट गुण असा हिशेब इथे लागू नाही, चौपट जळजळ मात्र होऊ शकते.

ॲडापलीन रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, ओल्या त्वचेवर ते जास्त चरचरतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवायचं. सुरुवातीला एक रात्र आड, त्वचा सरावली की रोज. कोरडं पडत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. पहिल्या काही आठवड्यांत मुरमं थोडी जास्त दिसू शकतात, सोलवटतंही. तेवढं काढायचं. पण चेहरा सुजला, फोड आले, खाज थांबेना, तर औषध बंद करून डॉक्टर गाठायचा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी लावलं तरी चालतं. एक सूचना काउंटरवर मी न चुकता देते: ते कापडाचा रंग खातं. टॉवेल, उशीचा अभ्रा, शर्टाची कॉलर, सगळ्यावर फिकट डाग पडतात आणि ते कशानेच जात नाहीत. पांढरा टॉवेल वेगळा काढा. आणि ट्यूब तापलेल्या गाडीत किंवा उन्हात ठेवू नका, उष्णतेने त्यातून बेन्झीन तयार होऊ शकतं.

बाकी प्रश्न येतील तसं लिहीन.

शेवटचा बाक

ताई, धागा वेळेवर आला. माझ्याकडे आत्ता सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, टोनर, नायसिनामाइड सिरम, व्हिटॅमिन सी सिरम, आठवड्यातून दोनदा स्क्रब आणि कोळशाचा पील-ऑफ मास्क आहे. सगळं नेमाने चालू आहे. तरी मुरमं आहेतच, वर आता पाण्यानेसुद्धा चेहरा झोंबतो. यात ॲडापलीन कुठे बसवू?

गोळीबंद

कुठेच नको, आधी बाकीचं उठव! पाण्याने चेहरा झोंबतो याचा अर्थ त्वचेचा वरचा संरक्षक थर उडालाय. दोन-तीन आठवडे सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढंच ठेव. झोंबणं थांबलं की ॲडापलीन सुरू कर, एक रात्र आड. स्क्रब आणि पील-ऑफ मास्क कायमचे निकालात. नायसिनामाइड पुढे हवं तर परत आण, ते कुणाच्या अध्यातमध्यात नसतं.

चेहरा दिवसातून दोनदा धुवायचा, शिवाय घाम आला की. हाताने, कोमट पाण्याने. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच पाचच्या आसपास. अंगाचा साबण बऱ्यापैकी अल्कधर्मी असतो, त्याने चेहरा ‘करकरीत स्वच्छ’ वाटतो तो खरं तर सुकलेला असतो.

खवचट

एवढी रसायनं चेहऱ्यावर थापण्यापेक्षा काहीच न लावणं बरं. आमच्या वेळी सगळ्यांना यायची, सगळ्यांची गेली. वयाचा भाग आहे. कंपन्यांनी धंदा मांडलाय नुसता.

कातडीबचाऊ

धंद्याबद्दल तुमच्याशी सहमत, खवचटराव. सहा बाटल्या विकणाऱ्याला दोन ट्यूबांत काम होतं हे सांगणं परवडत नाही.

पण ‘सगळ्यांची गेली’ हे अर्धंच खरं. मुरमं गेली, खड्डे राहिले असे चाळिशीतले लोक माझ्याकडे येतात. आणि खड्ड्यांवरचे उपचार मुरमांवरच्या उपचारांपेक्षा लांबलचक, खर्चिक आणि बेभरवशाचे असतात. बर्फाच्या टोच्याने भोसकल्यासारखे अरुंद खोल खड्डे, चौकोनी काठाचे खड्डे आणि लाटांसारखा उंचसखल भाग, या तिन्हींना वेगळे उपाय लागतात. अरुंद खड्ड्यात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब सोडतात, लाटांखालचे तंतू सुईने सोडवतात, बाकी ठिकाणी मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर. एवढं करूनही त्वचा पूर्ववत होत नाही, फक्त सुधारते. त्यापेक्षा मुरूम असतानाच तो आटोक्यात आणणं केव्हाही सोपं.

हे ज्यांना लगेच दाखवायला हवं ते असे: त्वचेखाली खोल, दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडायला लागलेत, घरात आईवडिलांच्या चेहऱ्यावर खड्डे आहेत, किंवा मुरमांपायी पोरगं घराबाहेर पडेनासं झालंय. शेवटचं कारण मी बाकीच्यांइतकंच गंभीर धरतो. आणि मुरमं अचानक भडकून त्यांत जखमा झाल्या, सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

गोळीबंद यांच्या लेखात चूक काढायला जागा नाही. एकच पुरवणी जोडतो. ॲडापलीनऐवजी ट्रेटिनॉइन (तेही रेटिनॉइडच) दिलं असेल तर ते बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर एकाच वेळी लावू नका. जुन्या पद्धतीचं ट्रेटिनॉइन पेरॉक्साइडमुळे आणि उजेडामुळे निकामी होतं. एक सकाळी, एक रात्री. ॲडापलीनला ही अडचण नाही, दोन्ही एकत्र असलेलं जेलही मिळतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मात्र कुठलंही रेटिनॉइड नको.

बाराखडी

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. कपाळावर बारीक बारीक दाणे आलेत, लाल नाहीत, दुखत नाहीत. इतक्या लहान वयात औषध लावायचं का? ती केस पुढे ओढून कपाळ झाकते.

कातडीबचाऊ

या वयात हे अगदी नेहमीचं आहे. वयात यायची पहिली खूण बऱ्याचदा कपाळ आणि नाकावरच दिसते. लाल नसलेले दाणे म्हणजे नुसती बुचं. पुढे ओढलेले केस आणि केसांना लावलेलं तेल किंवा क्रीम कपाळावर उतरतं, त्याने ती वाढतात. तेव्हा आधी केस मागे, आणि केसांना जे लावायचं ते कपाळापासून लांब. सौम्य क्लेन्झर सुरू करा. दोन महिन्यांत कमी नाही झालं तर एकदा दाखवून घ्या. या वयातही ॲडापलीन देता येतं, पण ते डॉक्टरांनी बघून द्यावं. एक ते सात वर्षांच्या वयात मुरमं दिसली तर मात्र ते नेहमीचं नाही, तिथे संप्रेरकांची तपासणी लागते.

मीच ती

बाराखडी, एक आगाऊ सल्ला देऊ? घरात कुणालाही तिच्या कपाळावर बोलू देऊ नका. ‘चेहरा धूत जा गं नीट’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आजही साबण हातात घेतला की आठवतं.

बाराखडी

आजीला आजच दम भरते :)

भुंगा

चेहरा ठीक आहे, पाठ आणि छाती वाईट. जिम करतो. व्हे प्रोटीन बंद करू का? आणि अवांतर: पाठीवर जेल लावायला हात पोचत नाही, लोक काय करतात?

गोळीबंद

हात न पोचणाऱ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश असतो. आंघोळीच्या सुरुवातीला पाठीला फासायचा, दोन ते पाच मिनिटं राहू द्यायचा, मग धुऊन टाकायचा. टॉवेलचं वर सांगितलंच आहे. व्यायाम झाला की घामट कपडे आधी बदल, घट्ट सिंथेटिक बनियन आणि बॅगेचे पट्टे ज्या जागी घासतात तिथेच मुरमं जास्त येतात. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला तेच करतो.

कातडीबचाऊ

व्हे प्रोटीनने काही जणांची मुरमं वाढलेली दिसतात. महिना-दीड महिना बंद ठेवून बघा, फरक पडला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. जिममध्ये कुणी इंजेक्शनं किंवा ‘बॉडी बनवायच्या’ गोळ्या देत असेल तर ती बहुधा ॲनाबोलिक स्टिरॉइडं, त्यांनी पाठीवर भयानक मुरमं येतात आणि ते त्यांच्या दुष्परिणामांतलं सगळ्यात किरकोळ प्रकरण म्हणायचं. ब जीवनसत्त्वांच्या भरमसाट डोसांनी, त्यातही बी-१२ ने, काहींना पुळ्या येतात. फिटच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनीही येतात. तिथे गोळी आपणहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

आणि एक विचारतो, दाणे खाजतात का? सगळे एकाच मापाचे आहेत का?

भुंगा

खाजतात! घाम आला की जास्तच. आणि हो, सगळे सारखेच, टाचणीच्या डोक्याएवढे.

कातडीबचाऊ

मग ही मुरमं नसतीलही. मॅलासेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळाशी माजते तेव्हा असंच दिसतं: खाजरे, एकसारखे दाणे, छाती-पाठ आणि कपाळाच्या कडेला, आणि त्यांत ब्लॅकहेड एकही नाही. प्रतिजैविकांनी ते वाढतं, कारण जिवाणू मेले की बुरशीला रान मोकळं. इलाज बुरशीनाशक, केटोकोनाझोलसारखं. फोटोवरून ठरवू नका, जाऊन दाखवा.

निवांत

प्रतिजैविकांवरून आठवलं. मला डॉक्सिसायक्लिन दिलं होतं, तीन महिन्यांचं. छान गुण आला. संपल्यावर पुन्हा मुरमं आली की मी जुन्या प्रिस्क्रिप्शनवर परत घेतो. असं किती वेळा चालतं?

गोळीबंद

नाही चालत, निवांत. जुन्या चिठ्ठीवर परत परत घेतलं की जिवाणू त्याला जुमानेनासे होतात, आणि हे फक्त मुरमांच्या जिवाणूपुरतं राहत नाही. तोंडावाटे प्रतिजैविक साधारण तीन-चार महिन्यांपुरतं, आणि तेवढ्या काळात ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड सोबत चालू असायलाच हवं. गोळी संपली तरी ती दोन चालूच राहतात. तुमची मुरमं परतली त्याचं कारण बहुधा हेच, गोळीने आग विझवली पण बुचं बसायची थांबली नाहीत.

क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या जेलचंही तेच. नुसतं लावू नये, बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने लावावं.

डॉक्सी घेणाऱ्या सगळ्यांसाठी: पेलाभर पाण्याबरोबर, आणि गिळल्यावर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याने गोळी ढकलून देणाऱ्यांच्या अन्ननलिकेला ती चिकटते आणि व्रण पडतो. दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत कळ येते, ती याची. लोहाची, कॅल्शियमची आणि आम्लपित्ताची औषधं दोन-तीन तास लांब ठेवा. ऊन चटकन लागतं. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणी हे औषध देत नाहीत.

मीच ती

माझं वय बत्तीस. शाळेत असताना एक पुळी नव्हती आणि आता जबड्याच्या रेषेवर, हनुवटीवर दुखऱ्या गाठी. पाळीच्या आठवडाभर आधी ठरल्यासारख्या येतात. ॲडापलीनने थोडा फरक आहे, पण गाठी थांबत नाहीत. कुणी म्हणतं पीसीओएस (बीजांडकोश आणि संप्रेरकांची गडबड), कुणी म्हणतं ताण.

कातडीबचाऊ

पाळी नियमित आहे का, हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर जाड केस वाढलेत का, डोक्याचे केस विरळ होताहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी बघा. त्यांतलं काही असेल तर पीसीओएसच्या तपासण्या करून घ्या. काही नसेल तरी संप्रेरकांवरचा इलाज उपयोगी पडू शकतो. बऱ्याच बायकांची रक्तातली पातळी अगदी नॉर्मल असते, पण तैलग्रंथीच संप्रेरकांना जास्त दाद देते.

पर्याय दोन. ठरावीक गर्भनिरोधक गोळ्या, पण पस्तिशीपुढच्या आणि तंबाखू ओढणाऱ्या, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकल्यासारखं दिसणाऱ्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्या स्त्रियांना त्या देत नाहीत. दुसरं स्पायरोनोलॅक्टोन. मूळचं रक्तदाबाचं औषध, ते तैलग्रंथीवरचा अँड्रोजेनचा परिणाम अडवतं. साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम रोज, आणि गुण दिसायला तीन महिने. पाळी पुढेमागे होऊ शकते, लघवी जास्त होते, चक्कर येऊ शकते. पुरुषांना मुरमांसाठी हे देत नाहीत, छाती वाढते. आणि हे घेत असताना गरोदर राहायचं नाही.

मीच ती

पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. मग काय उरतं?

कातडीबचाऊ

ॲझेलिक ॲसिड उरतं, आणि ते दुय्यम समजू नका. १५ किंवा २० टक्क्यांचं. बुचांवर आणि जिवाणूंवर काम करतं, काळे डागही फिके करतं, गरोदरपणातही चालतं. सुरुवातीला मुंग्या आल्यासारखं टोचतं, ते ओसरतं. मोठी गाठ एखाददुसरीच असेल तर तिच्यात ट्रायमसिनोलोनचं अगदी थोडं इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत ती बसते. दाबायची तर मुळीच नाही. दाबली की छिद्राची भिंत आतल्या आत फुटते, ऐवज बाहेर यायच्या ऐवजी खाली पसरतो आणि खड्डा होतो.

सावळी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. रूममेट गेली दोन वर्षं एक ‘फेअरनेसवाली’ ट्यूब लावतेय. मूळ मुरमांसाठी आणलेली. सुरुवातीला आठवड्याभरात चेहरा काचेसारखा झाला होता, म्हणून तिचा भारी विश्वास. आता गाल कायम लाल, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, गालांवर लव वाढलीय आणि एकसारख्या पुळ्या. ट्यूब दोन दिवस सोडली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावते. मागे बघितलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं लिहिलंय.

गोळीबंद

धागा ज्यासाठी काढला ते हेच! स्टिरॉइड दाह दाबतं, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखं वाटतं. लालसरपणा जातो, रंग उजळतो. आणि आतून त्वचा पातळ होत जाते. हे तिहेरी मिश्रण वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, काही आठवड्यांपुरतं असतं. लोक ते रोजच्या क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावतात.

कातडीबचाऊ

तिला एक नीट सांगा: ट्यूब सोडल्यावर चेहरा पेटतो तो ट्यूब चांगली असल्याचा पुरावा नाही, तो सवयीचा परिणाम आहे. स्टिरॉइड काढून घेतल्यावर त्वचा काही आठवडे, कधी काही महिने, थयथयाट करते. तो काळ एकटीने काढणं अवघड जातं आणि म्हणूनच लोक परत ट्यूबकडे वळतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. कधी स्टिरॉइडची ताकद टप्प्याटप्प्याने उतरवतात, कधी तोंडावाटे औषध देऊन हा काळ निभावतात. जाताना ती ट्यूब बरोबर न्या, रिकामी असली तरी. ‘कुठलंतरी पांढरं क्रीम होतं’ यावरून मला काही कळत नाही.

सावळी

ट्यूब पर्समध्ये टाकली आहे. शनिवारी जातोय.

खवचट

बरं, मग ती एक गोळी असते ना, लिव्हर खराब करणारी, डिप्रेशन आणणारी? माझ्या भाच्याला लिहून दिलीय. बहिणीने इंटरनेटवर वाचलं आणि रात्रभर झोपली नाही. (हो, मीच विचारतोय.)

कातडीबचाऊ

आयसोट्रेटिनॉइन. वापरात आली १९८२ मध्ये, म्हणजे नवलाईची राहिलेली नाही. मुरमं होण्याच्या सगळ्या कारणांवर एकदम काम करणारं हे एकच औषध आहे आणि बऱ्याच जणांची मुरमं त्यानंतर कायमची थांबतात. गाठी, खड्डे किंवा बाकी उपायांना दाद न देणारी मुरमं असतील तर ते देतात.

हिशेब वजनावर असतो. वजनाच्या दर किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि संपूर्ण कोर्समध्ये किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम. भाच्याचं वजन ६० किलो धरा: एकूण ७,२०० ते ९,००० मिलिग्रॅम. रोज ३० घेतली तर आठ ते दहा महिने. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडणाऱ्यांचीच मुरमं परतण्याची शक्यता जास्त. गोळी पोटभर जेवणानंतर घ्यायची, स्निग्ध पदार्थांबरोबर ती नीट शोषली जाते.

ओठ जवळपास सगळ्यांचेच फुटतात, लिप बाम खिशात ठेवायला सांगा. नाक कोरडं पडून कधी रक्त येतं, डोळे कोरडे होतात, व्यायामानंतर अंग जास्त दुखतं. सुरुवातीला आणि मध्ये यकृताची आणि ट्रायग्लिसराइडची (रक्तातल्या चरबीची) रक्ततपासणी करतात. आकडे वाढले तर डोस कमी केला की बहुतेक वेळा खाली येतात. मनावरच्या परिणामाबद्दल: मोठ्या अभ्यासांत सरसकट धोका वाढल्याचं दिसलेलं नाही, पण एखाद्याची तऱ्हा वेगळी असू शकते. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावं. झोप उडाली, उदास राहतो, तुटक बोलतो असं वाटलं तर लगेच कळवावं.

सोबत डॉक्सीच्या कुळातलं प्रतिजैविक चालत नाही, दोन्हींनी मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही नकोत. कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान नाही.

मुलींसाठी मात्र एक नियम दगडावरची रेघ: हे घेताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंगं निर्माण होण्याचा धोका फार मोठा आहे. म्हणून सुरू करण्याआधी गर्भचाचणी, आणि आधीचा एक महिना, सगळा कोर्स, नंतरचा एक महिना पक्कं गर्भनिरोधन. मैत्रिणीशी गोळ्या वाटून घेणं हा प्रकार इथे जिवावर बेतू शकतो.

खवचट

धन्यवाद डॉक्टर. बहिणीला हे तसंच पाठवतो. मी लिहिलंय असं सांगणार आहे.

तळटीप

मुरमं गेलीत, तपकिरी डाग राहिलेत. खड्डे नाहीत, बोट फिरवलं तर सपाट लागतं. लिंबू चोळू का?

गोळीबंद

नका हो. लिंबाने त्वचा भाजते, ऊन लागलं की आणखी काळी पडते. टूथपेस्ट आणि खायचा सोडाही त्याच माळेतले.

सपाट आहेत म्हणजे हे दाहानंतरचे डाग, खड्डे नव्हेत. ते जातात, पण महिने घेतात आणि सावळ्या त्वचेवर जास्त रेंगाळतात. सनस्क्रीन लावलं नाही तर कुठलंही डागांचं क्रीम पाण्यात गेलं समजा. एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर दोन रेघा ओढाल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. जेलसारखं हलकं घ्या म्हणजे चिपचिप होणार नाही. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं बघा, पण तो कायद्याने बांधलेला शब्द नाही, तेव्हा त्यावर डोळे मिटून विसंबूही नका. सोबत ॲझेलिक ॲसिड किंवा चालू असलेलं ॲडापलीनच पुरतं.

निवांत

खाण्याचं कुणीच काही बोललं नाही?

कातडीबचाऊ

कारण बोलण्यासारखं थोडंच आहे. रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं कमी केलं तर काहींची मुरमं कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. दुधाबद्दल संबंध दिसतो, पण तो कच्चा आहे. तळलेलं खाल्लं की तेच तेल चेहऱ्यावर येतं असं नसतं, ते तेल ग्रंथी स्वतः बनवते. पोट साफ नाही म्हणून मुरमं, याला काही आधार नाही. औषध सोडून नुसतं पथ्य पाळत बसलेला माणूस मला अजून बरा झालेला दिसलेला नाही.

शेवटचा बाक

वाचनखूण साठवली. स्क्रब टाकून दिला (मास्क बहिणीने पळवला). आता चेहरा झोंबत नाही, काल पहिल्यांदा ॲडापलीन लावलं. बाकी ठीक आहे, पण नाकपुड्यांच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत चरचरतंय. सोडून देऊ?

गोळीबंद

सोडू नकोस. त्या खाचांत जेल साठतं आणि तिथली कातडी मुळातच पातळ. आधी नाकपुड्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत आणि डोळ्यांभोवती पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं, मग औषध. आज रात्री लावू नकोस, उद्या लाव. तीन महिन्यांनी इथेच येऊन लिही. फोटो काढून ठेवलायस ना आधीचा? नसेल तर आज खिडकीच्या उजेडात काढ, फिल्टरशिवाय.